दोन ठोक्यांचा अंधार

सकाळी साडेसहाला थर्मामीटरने सदतीस पॉइंट सहा दाखवला. पाळणाघराच्या वहीत कानाएने छत्तीस पॉइंट आठ लिहिला.

वहीत रोजचे तेच रकाने असतात. ताप किती, झोप कशी लागली, सकाळी काय खाल्लं, औषध दिलं का. सदतीस पॉइंट पाच ही तिथली लक्ष्मणरेषा. ती ओलांडली की मूल दारातूनच परत. औषधाच्या रकान्यात तिने 'नाही' लिहिलं. ते लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं, हे तिचं तिलाच जाणवलं.

औषध दिलेलं होतं. मागच्या हिवाळ्यात तिच्या मुलीला, नोनोकाला, तापात आकडी आली होती. तीन वर्षांचं एवढंसं अंग लाकडासारखं ताठ झालेलं तिने पाहिलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांनी खालून, शौचाच्या जागी ठेवायची एक गोळी लिहून दिली होती. ताप चढायला लागला की एक. दुसरी लागलीच तर आठ तासांनी, त्याआधी मुळीच नाही. आधी दिली तर पोर गुंगीत जाईल, श्वासावर डोळा ठेवून बसावं लागेल, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं आणि कानाएने दोन्ही वेळा मान हलवली होती. एक गोळी घरच्या फ्रिजमध्ये असायची, एक पाळणाघराच्या. घरची तिने साडेसहाला दिली.

आठ वाजता ताप सदतीस पॉइंट तीन झाला. मग तिने नोनोकाला टोपी न घालता सायकलच्या मागच्या खुर्चीत बसवलं आणि मुद्दाम नदीकाठच्या रस्त्याने नेलं, जिथे मार्चचा वारा थेट तोंडावर येतो. पाळणाघराच्या दारात तिथल्या शिक्षिका नागामिने सेन्सेईंनी पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"आज झोपाळू दिसतेय," त्या म्हणाल्या.

"रात्री झोपायला उशीर झाला."

"आणि तुम्हाला शनिवारचंही ऑफिस?"

"वर्षअखेर ना," कानाए म्हणाली, आणि सायकल वळवताना तिने मागे पाहिलं नाही.

दुसरा काही इलाज नव्हता, असं ती घराजवळच्या कावागुची स्टेशनात गाडीत बसल्यापासून स्वतःला समजावत होती. नवरा, शुहेइ, दोन वर्षांसाठी सप्पोरोला बदलीवर. सासूबाई आकिताला. आजारी मुलांना सांभाळणारं केंद्र शनिवारी बंद. आणि आजचा दिवस पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता.

बारा वर्षांपूर्वी 'हिमरेषेचे पहारेकरी' नावाची कार्टून मालिका शुक्रवारी संध्याकाळी लागायची. तिच्या सुरुवातीचं गाणं, 'हिमरेषा', एकवीस वर्षांच्या कानाएने गायलं होतं. टीव्हीवर ते एकोणनव्वद सेकंदांचं. तेवढ्या एकोणनव्वद सेकंदांवर तिने पुढची आठ वर्षं काढली: मेळावे, दुकानांची उद्घाटनं, सोल आणि ताइपेईतले दौरे. लोक तिचं आडनाव विसरले तरी गाणं विसरत नव्हते. कॅराओकेच्या खोल्यांमध्ये तिच्याच वयाचे हिशेबनीस टाय सैल करून ते ओरडायचे. नोनोका झाली आणि सगळं थांबलं. पाळणाघराच्या कागदांवर तिने 'कार्यालयीन काम' असं लिहिलं, कारण तिथले आईबाप नेमके त्याच पिढीचे होते. आपली मुलगी कुणाची तरी मुलगी म्हणून ओळखली जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

आता त्या मालिकेचा पुढचा भाग येणार होता. गाणं कोण गाणार हे निर्माते कुरामोची ठरवणार होते, आणि त्यांच्यासमोर दोन नावं होती. एक कानाएचं. दुसरं एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं, जिचा आवाज, खरं बोलायचं तर, कानाएच्या जुन्या आवाजापेक्षाही स्वच्छ होता. आज साईतामाच्या मोठ्या सभागृहात वीस हजार लोकांसमोर कार्टून-गाण्यांचा वार्षिक मेळा होता. कानाएचं नाव फलकावर नव्हतं. मेळ्यात दरवर्षी एक गुप्त पाहुणा असतो; सुरावट वाजली की लोकांना कळतं. कुरामोची चौथ्या रांगेत बसणार होते. त्यांनी निरोप धाडला होता, लोकांना ती अजून हवी आहे का, ते मला कानांनी ऐकायचंय.

सकाळच्या तालमीत वाद झाला तो शांततेवरून.

'हिमरेषा'मध्ये शेवटच्या ध्रुवपदाआधी दोन ठोक्यांची जागा रिकामी आहे. तिथे कुणीच वाजवत नाही, कुणीच गात नाही. नागोयाच्या अगदी पहिल्या कार्यक्रमात कानाएचा त्या जागी दम संपला होता. दोन ठोके गेले, चार गेले, ती तोंड उघडून नुसती उभी राहिली, आणि ड्रमवरचा ओकित्सु देवासारखा थांबून राहिला. लोकांना वाटलं, हे मुद्दाम आहे. पुढच्या कार्यक्रमात त्यांनी त्या जागी गाण्यावर हलवायचे हातातले फिके निळे दिवे विझवले. त्याच्या पुढच्या वेळी कुणी खोकलंही नाही. रीत पडली ती पडलीच. त्या अंधारात कानाए श्वास घेऊन उजवा खांदा उचलायची, तो पाहून ओकित्सु ठोका द्यायचा, आणि सगळे दिवे एकदम लागायचे. घाबरून झालेल्या चुकीला लोकांनी दैवत करून ठेवलं होतं. तिने कुणाला खरं कधी सांगितलं नाही.

"या वर्षी दोनच ठोके," रंगमंचाचा दिग्दर्शक म्हणाला. "मागे पडद्यावर मालिकेची दृश्यं धावतायत. तुम्ही थांबलात तरी ती थांबणार नाहीत."

"तिचा खांदा हलल्याशिवाय माझा हात खाली येत नाही," ओकित्सु म्हणाला. "बारा वर्षांत बायकोच्या भुवईपेक्षा हिचा खांदा जास्त पाहिलाय मी."

"मग आज भुवई समजून पाहा. दोन ठोके."

कानाए हो म्हणाली. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. अकरा दहा. गोळीला पाच तास होत आले होते.

गुप्त पाहुण्याचा फोन सकाळीच एका कापडी पिशवीत काढून घेतात. मागे एकदा कुणीतरी आतला फोटो बाहेर घालवला होता. पाळणाघराच्या कागदावर दुसरा नंबर 'ऑफिस'चा होता, म्हणजे मियोशी-सानचा. मियोशी पन्नाशीची, ठेंगणी, बारा वर्षं तिची मॅनेजर. खोटं बोलायची वेळ आली की ती हातातल्या पेनचं टोक आतबाहेर करते. कानाएने हे कधी तिला सांगितलं नव्हतं. असली माहिती जवळ ठेवलेली बरी असते.

एक वाजून दहा मिनिटांनी मियोशी मेकअपच्या खोलीतून बाहेर गेली आणि चार मिनिटांनी परत आली.

"कुणाचा फोन होता?"

"फुलांच्या दुकानाचा." पेन टकटक वाजलं.

कानाएने आरशातून तिच्याकडे पाहिलं. पापण्यांवर चमकी लावणारी मुलगी म्हणाली, हलू नका. कानाए हलली नाही. फुलांच्या दुकानाशी बोलायला चार मिनिटं लागतात का? लागत असतील. शनिवार होता. दुपारी एकला मुलांना झोपवतात. झोपण्याआधी सगळ्यांचा ताप पाहतात, एकेकाच्या काखेत थर्मामीटर धरून. तो पाहून झालेला असणार.

"मियोशी-सान. पाळणाघरातून काही?"

"काही नाही गं. तू पाणी पी."

टकटक.

पुढच्या पंधरा मिनिटांत तिने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. चौथ्यांदा विचारायला वेळ उरला नाही. अंगावर काळा डगला टाकून, डोकं झाकून, तिला रंगमंचाखाली नेलं. तिथे लोखंडी खांबांच्या जंगलात एक चौकोनी लिफ्ट असते. तिच्यावर उभं राहायचं, आणि संगीत सुरू झालं की ती वर नेते. वरच्या फळ्यांवर आधीच्या गायकाचे पाय धडधडत होते. वीस हजार लोक एका सुरात काहीतरी ओरडत होते, आणि ते खाली पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. एका माणसाने तिच्या कानात यंत्र बसवलं. दुसरा म्हणाला, अजून दोन मिनिटं.

मियोशी खाली कठड्यापाशी उभी होती. दोन मिनिटांवर आल्यावर तिचा चेहरा सैल पडला. आता सांगायला हरकत नाही, असं तिने मनाशी ठरवलेलं दिसत होतं. जिला उगाच घोर लागलाय तिला दिलासा द्यावा, तशा आवाजात ती बोलली.

"हे बघ, घाबरू नकोस. नोनोकाला थोडा ताप आलाय, अडतीस पॉइंट दोन. पण त्या बाई फार नीट आहेत. डॉक्टरांनी ठेवलेली गोळी आहे ना त्यांच्याकडे, ती देतायत आता. तू गाऊन घे, मग टॅक्सी तयार आहे."

कानाएला पहिल्यांदा फक्त 'गोळी' एवढंच ऐकू आलं.

"कधी देणार म्हणाल्या?"

"मुलं झोपली की लगेच. दीड-पावणेदोनला."

घड्याळात एक अडतीस झाले होते.

"थांबव त्यांना."

"कानाए, अगं, डॉक्टरांचीच तर—"

"मी सकाळी दिलीय. साडेसहाला. वहीत लिहिली नाही." तिचा आवाज तिलाच कोरडा लागला. लिफ्टवाला माणूस, यंत्रवाला माणूस, दोघं तिच्याकडे पाहत होते. "ताप होता. मी खोटं लिहिलं. अडीचच्या आधी दुसरी द्यायची नाही. मियोशी-सान, धाव."

मियोशीने खिशातून फोन काढला. लोखंडाखाली सिग्नलची एकही रेघ येत नव्हती. सामान उतरवण्याच्या दारापर्यंत गेल्याशिवाय येणारही नव्हती. पन्नाशीची ती बाई टाचांचे बूट काढून हातात घेऊन खांबांमधून पळत सुटली. कानाए तिच्या मागे एक पाऊल टाकणार, तेवढ्यात लिफ्टवाल्याने कठडा बंद केला.

"उतरू द्या मला."

"आता नाही उतरता येत, बाई. वर कळ दाबलीय."

कानातल्या यंत्रात कुणीतरी उलटे आकडे मोजायला लागलं.

वर अंधार झाला. मग पियानोचे पहिले चार स्वर वाजले, आणि वीस हजार लोकांच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याला ओरडणंही म्हणता येणार नाही, हुंदकाही नाही. कुणीतरी मागच्या रांगेतून तिचं आडनाव घेऊन हाक मारली. लिफ्ट वर आली तेव्हा समोर सगळीकडे फिका निळा प्रकाश पसरला होता, कुठे संपतो ते दिसत नव्हतं. चार वर्षं या क्षणाची स्वप्नं पडली होती. तिने डगला टाकला आणि गायला लागली.

आवाज लागला. तिचा विश्वास बसेना. शरीराला आईच्या मनातली भीती कळत नसावी. पहिलं कडवं, ध्रुवपद, लोकांची ठरलेली हाक, दुसरं कडवं. शब्द आपोआप येत होते. मनात ती मियोशीची वाट मोजत होती: खांब, बोळ, जिना, मालाचं दार. मियोशीला दीड मिनिट. फोन लागायला अर्धं. नागामिने सेन्सेई फोन उचलतील का? झोपेच्या खोलीत फोन नेत नाहीत. नेत नाहीत. ऑफिसमधल्या मुलीने उचलला तर तिला आत जाऊन सांगावं लागेल, आणि मियोशी तर कागदावर कुणीच नाही, फक्त एक ऑफिसचा नंबर. कोण ऐकणार तिचं?

मागे पडद्यावर बर्फातून यंत्रमानव चालत होते. चौथ्या रांगेत एक माणूस हात बांधून बसला होता. त्याच्या हातात दिवा नव्हता, म्हणजे तो कुरामोचीच.

ती जागा आली.

संगीत तुटलं. वीस हजार दिवे एका क्षणात विझले. इतका अंधार, इतकी शांतता, की कुणाच्या तरी कोटाची चेन घासल्याचं ऐकू आलं. एक ठोका. दोन.

कानाएने खांदा उचलला नाही.

ती डावीकडच्या पडद्याआड पाहत होती. तिथे बाहेरच्या वाटेचा हिरवा दिवा असतो, तेवढाच कधी विझत नाही. त्याच्याखाली कुणी नव्हतं. तीन. चार. कानातल्या यंत्रात कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, ठोका, ठोका द्या. ओकित्सुने हात वर धरून ठेवला होता. तिला न पाहताही ते कळत होतं. पाच. पडद्यावरची दृश्यं पुढे पळत होती, आणि मग तो चालवणाऱ्यालाच काय सुचलं कोण जाणे, त्याने पडदाही काळा केला. आता काहीच उरलं नाही. त्या सहा-सात सेकंदांत तिला कळलं की मियोशी आली नाही तर आपण पुढचा शब्द गाणार नाही. माइक खाली ठेवू, पायऱ्या उतरू आणि धावत सुटू. मग लोक काहीही म्हणोत. ठरवल्यावर तिला हलकंही वाटलं नाही. नुसतं ठरलं.

हिरव्या दिव्याखाली अनवाणी मियोशी आली. धाप लागून ती कमरेत वाकली होती. मग सरळ झाली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांचा मोठा गोल केला, शाळेच्या मैदानावर मास्तर लांबूनच 'बरोबर' म्हणून करतात तसा.

कानाएचा खांदा वर गेला. ठोका पडला. सगळे दिवे लागले, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिने बारा वर्षांत कधी गायलं नव्हतं.

शेवटी सगळ्या गायकांनी मिळून एक गाणं म्हणायचं असतं. ते चुकवणं म्हणजे ज्येष्ठांच्या तोंडावर दार लावणं. मियोशी म्हणाली, मी खोलीखोलीतून माफी मागत फिरते, तू नीघ. मालाच्या दाराशी कुरामोची उभे होते. आडवे आले नाहीत, पण बाजूलाही झाले नाहीत. ते म्हणाले की माझ्या शेजारी एक बाप्या ढसाढसा रडत होता. सोमवारी दहाला स्टुडिओत या, गाणं तुमचं.

"आणि ती शांतता. अकरा सेकंद, मी मोजलेत. नव्या गाण्यातही तशीच हवी. लोक त्यासाठीच येतील."

कानाएने वाकून नमस्कार केला आणि टॅक्सीत बसली.

नोनोका पाळणाघराच्या ऑफिसमधल्या छोट्या गादीवर झोपली होती. गाल लाल, श्वास नीट. कानाएने तो आधी दहापर्यंत मोजला, मग वीसपर्यंत. शेजारच्या ताटलीत गोळी होती. वेष्टन फाडलेलं.

"हातमोजा घातला होता मी," नागामिने सेन्सेई म्हणाल्या. त्या साठीच्या जवळ आल्या होत्या आणि आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "त्या ऑफिसच्या बाई कागदावर नाहीत. नियमाने मी त्यांचं ऐकायला नको होतं. त्या नुसत्या 'देऊ नका' म्हणाल्या असत्या तर मी दिलीच असती. पण त्या 'साडेसहा' म्हणाल्या. वेळ कुणी उगाच सांगत नाही."

कानाएने मान खाली घातली. जमिनीला कपाळ लागेपर्यंत वाकावं असं तिला वाटत होतं, पण मधे झोपलेली मुलगी होती.

सेन्सेईंनी तिच्या पापण्यांकडे पाहिलं. "वर्षअखेरीला ऑफिसात एवढं चमकावं लागतं होय?"

"मी ऑफिसात नसते. मी गाते. 'हिमरेषा'—"

"माहीत आहे. माझा धाकटा त्या गाण्यावर दहावी पास झाला." त्यांनी वही पुढे सरकवली. "तुम्ही काय करता ते मला नकोय. कधी काय दिलं, ते हवंय."

कानाएने छत्तीस पॉइंट आठवर काट मारली. वर खरा आकडा लिहिला, शेजारी वेळ, खाली औषध. तिचं अक्षर वेडंवाकडं आलं.

रविवारी सगळीकडे तीच चर्चा होती. अकरा सेकंदांच्या अंधाराची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. कुणी लिहिलं, ती मालिकेतल्या मेलेल्या पहारेकऱ्यांसाठी थांबली. कुणी लिहिलं, चार वर्षांच्या दुराव्यासाठी. कानाएने दोन-चार वाचून फोन उलटा ठेवला. नोनोकाचा ताप दुपारी उतरला, आणि रात्री नऊला पुन्हा सदतीस पॉइंट आठ झाला.

सोमवारी सकाळी थर्मामीटरने छत्तीस पॉइंट नऊ दाखवला. या वेळी आकडा खराच होता. नियम असा होता, की ताप उतरून चोवीस तास व्हायला हवेत. रात्रीचा नऊचा आकडा घरात दोघींनाच माहीत होता, आणि त्यातली एक बिछान्यात बसून केळं खात होती. कानाए वही उघडून थोडा वेळ बसली. मग रात्रीचा आकडा लिहिला, खाली 'आज घरी', आणि कुरामोचींना फोन लावला.

तिने सांगितलं की मुलीला काल रात्री ताप होता, आज येता येत नाही, बुधवारी येईन.

"स्टुडिओ आजचा ठरलाय," ते म्हणाले. "ती दुसरी मुलगी तर खालच्या कॉफीच्या दुकानात बसलीय. तिला बोलावू का?"

"तुम्ही ठरवा. मी बुधवारी."

पलीकडे कुणी बोलेना. कानाएला ही शांतता ओळखीची होती. ती भरून काढावी, सासूबाईंना बोलावते, कुणाला तरी विचारते, काहीतरी जमवते असं म्हणावं, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. ती गप्प राहिली. आतल्या खोलीत नोनोका केळ्याच्या सालीचा माइक करून 'हिमरेषा' म्हणत होती, पाळणाघरात शिकलेली, अर्धे शब्द चुकीचे. रिकामी जागा आली तशी ती न थांबता, श्वासही न घेता, सरळ पुढच्या ध्रुवपदात घुसली.

"हे कोण गातंय?" कुरामोचींनी विचारलं.

"माझी मुलगी."

"ठोके खाल्ले तिने."

"हो."

ते हसले नाहीत. कागद उलटल्याचा आवाज आला. "आज मी त्या दुसऱ्या मुलीचा आवाज घेतो. बुधवारी तुमचा. दोन्ही ऐकून ठरवेन, आधी दिलेला शब्द विसरा. आणि अकरा सेकंदांचं—"

"ते दोनच ठोके राहतील," कानाए म्हणाली. "तेवढा वेळ मला पुन्हा थांबता येणार नाही."

तिने फोन ठेवला आणि थर्मामीटर घेऊन आत गेली. तीन तासांनी पुन्हा पाहायचं होतं. वहीत तेवढ्यासाठी तिने एक ओळ रिकामी ठेवली होती.